प्राइस, कॉस्ट, चार्ज, फी, फेअर : ‘किती पैसे?’ या एका प्रश्नाचे अनेक इंग्रजी शब्द

प्रश्न असा आहे : “मी बडोद्यात रावपुऱ्यातील एका प्रवासी कंपनीच्या कार्यालयात नव्याने रुजू झाले आहे. परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत दरपत्रक पाठवणे हे माझे काम. पहिल्याच दरपत्रकात मी ‘रूम फेअर’, ‘टॅक्सी रेंट’, ‘गाइड प्राइस’, ‘रोपवे चार्ज’, ‘म्युझियम कॉस्ट’ आणि ‘पंडित फी’ अशा सहा ओळी लिहिल्या. साहेबांनी सहाही ओळींखाली लाल रेघ मारली. कारण मात्र सांगितले नाही. शब्दकोश उघडला, तर या सगळ्या शब्दांपुढे किंमत, मूल्य, शुल्क, आकार हेच चार शब्द फिरून फिरून येतात. मग नेमका फरक काय, आणि तो लक्षात कसा ठेवायचा?”

शब्दकोशावर रागावू नका. एका शब्दापुढे तीन-चार प्रतिशब्द मावतील एवढीच जागा त्याच्याकडे असते आणि कोणता प्रतिशब्द कोणत्या प्रसंगी वापरायचा, हे सांगणे हे त्याचे कामही नसते. बडोद्यात तर या कामाची जुनी परंपरा आहे. राज्यकारभारातील शब्दांना एकसारखेपणा यावा म्हणून सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा कोश सिद्ध झाला. त्यानंतरही आमच्यासारख्या अनुवादकांचे पोट भरतेच आहे, यावरून काय ते समजा. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तीन भाषांमध्ये खरेदीखते, निकालपत्रे, कारखान्यांचा पत्रव्यवहार आणि मधूनच एखादी लग्नपत्रिका असे इकडचे तिकडे करण्यात माझी तीसएक वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या सहा ओळींत चूक इंग्रजीची कमी आणि प्रश्न न विचारण्याची अधिक आहे. आकडा किती, हे या शब्दांच्या दृष्टीने गौण असते. पैसे कशाबद्दल दिले जात आहेत आणि बोलणारा घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहे की देणाऱ्याच्या, हे दोन प्रश्न आधी स्वतःला विचारले, म्हणजे शब्द बहुतेक वेळा आपोआप समोर येतो.

आधी प्राइस आणि कॉस्ट यांचे पाहू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. प्राइस ही वस्तूला चिकटलेली असते आणि ती विकणारा ठरवतो. दुकानातील चिठ्ठीवर असते ती प्राइस; पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, तिच्यातला ‘पी’ प्राइसचाच. कॉस्ट मात्र देणाऱ्याच्या खिशाकडून मोजली जाते. एकच पंखा दुकानदाराच्या तोंडी प्राइस असतो आणि घरी आणून बसवेपर्यंत जे काही सुटले, ते तुमच्या तोंडी कॉस्ट असते. त्यात पंख्याची किंमत आली, रिक्षाचे भाडे आले आणि वायरमनची मजुरीही आली. म्हणून घर बांधण्याची कॉस्ट असते, प्राइस नसते. बांधून झालेले घर विकायला काढले, की मग त्याची प्राइस सुरू होते. ‘जगण्याचा खर्च’ या अर्थी कॉस्ट ऑफ लिव्हिंग म्हणतात तेही याच कारणाने, कारण जगणे कोणी दुकानात मांडून ठेवलेले नाही.

मराठीत हा भेद आपण नामाने न करता क्रियापदाने करतो, म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. मंगळ बाजारात एखादी बाई शेजारणीला विचारते, “ही साडी कितीची?” ही प्राइस. तीच बाई घरी आल्यावर जाऊ विचारते, “कितीला पडली?” किंवा “कितीला बसली?” ही कॉस्ट. कॉस्ट या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘एकत्र उभे राहणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. अमुक वस्तू अमुक रकमेवर उभी राहिली, असा त्याचा मूळ भाव. लॅटिनमध्ये खर्च उभा राहतो, मराठीत तो बसतो किंवा पडतो आणि जरा जास्तच झाला तर ‘महागात पडतो’. तुम्हाला वाक्य लिहिताना शंका आली, तर मनातल्या मनात ते मराठीत म्हणून पाहा. ‘पडले’ किंवा ‘बसले’ हे क्रियापद सहज आले तर कॉस्ट, ‘किंमत अमुक’ असे आले तर प्राइस. ही कसोटी शंभर टक्के लागू पडत नाही, पण दहापैकी आठ वेळा मला तिने वाचवले आहे.

याच जोडीतली आणखी एक चूक आपल्याकडे फार रुळली आहे. ‘द प्राइस इज कॉस्टली’ किंवा ‘चीप प्राइस’ असे लिहिले जाते. वस्तू कॉस्टली असते, वस्तू चीप असते; प्राइस हाय किंवा लो असते. आपण मराठीतही ‘किंमत महाग आहे’ असे सर्रास म्हणतो आणि तेही तितकेच ढिले आहे, कारण महाग असते ती वस्तू आणि जास्त असते ती किंमत. प्राइस आणि प्राइझ, म्हणजे बक्षीस, यांच्या स्पेलिंगमध्ये गोंधळ होतो त्याबद्दल मात्र मी कोणाला फारसे रागावत नाही. दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत, प्रशंसा या अर्थाचा प्रेझ हाही त्यांचाच भाऊ, आणि त्यांना वेगळे स्पेलिंग मिळाले ते बरेच नंतर.

कॉस्टने मला स्वतःला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. व्यवसायातली पहिली दोन-तीन वर्षे असतील. मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्याने आपल्या ग्राहकाला इंग्रजी पत्र लिहिले होते आणि त्याचा मराठी अनुवाद सोबत जोडायचा होता. पत्रात एक वाक्य होते, की यंत्राचे सुटे भाग पहिल्या वर्षी ‘ॲट कॉस्ट’ पुरवले जातील. मी लिहिले, ‘सुटे भाग किंमत आकारून पुरवले जातील.’ ग्राहकाचे चार दिवसांत उत्तर आले, की किंमत आकारूनच द्यायचे होते, तर ते आवर्जून कळवण्याचे कारण काय? त्याचे बरोबर होते. ‘ॲट कॉस्ट’ म्हणजे आम्हाला जेवढ्याला पडले तेवढ्यालाच, एक पैसाही नफा न घेता. कारखाना सवलत देत होता आणि माझ्या अनुवादाने ती सवलत पुसून टाकून वर पैसे मागितले होते. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून दोन्ही पत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काही न बोलता चहा मागवला. तो चहा मला अजून आठवतो. तेव्हापासून कॉस्ट हा शब्द दिसला, की मी आधी पेन खाली ठेवतो.

न्यायालयातील कॉस्ट्स हे आणखी वेगळे प्रकरण. तिथे तो शब्द बहुवचनीच येतो आणि त्याचा अर्थ ‘दावाखर्च’ असा ठरलेला आहे. ‘दावा खर्चासह नामंजूर’ याचा अर्थ हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाला त्याचा दाव्याचा खर्चही द्यायचा. दरपत्रकात हा शब्द तुम्हाला कधी लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

आता भाडे. प्राइस-कॉस्टमध्ये निदान मराठी आपल्याला मदत करते. इथे ती उलट दगा देते, कारण आपण एकाच शब्दावर चार माणसांचे काम करून घेतो. घराचे भाडे, रिक्षाचे भाडे, लग्नाच्या मांडवाचे भाडे आणि ट्रकने पाठवलेल्या मालाचे भाडे, सगळे भाडेच. इंग्रजीत या चौघांना चार नावे आहेत. घर किंवा दुकान ताब्यात घेऊन महिनोन्महिने वापरले, तर रेंट. मांडव, हॉल, मोटार किंवा वरातीचा सूट अशी वस्तू थोड्या वेळासाठी आणून परत केली, तर ब्रिटिश इंग्रजीत हायर. अमेरिकन माणूस मात्र मोटारीलाही रेंटच म्हणतो, आणि म्हणून विमानतळांवर ‘कार हायर’ आणि ‘कार रेंटल’ अशा दोन्ही पाट्या दिसतात. एखाद्या वाहनाने आपल्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेले, तर फेअर. माणसाऐवजी माल नेला, तर फ्रेट.

फेअर हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीतील त्याचे मूळ क्रियापद ‘जाणे, प्रवास करणे’ या अर्थाचे आहे. निरोप घेताना म्हणतात तो फेअरवेल त्यातूनच आला. ‘सुखाने जा’ असा त्याचा सरळ अर्थ. तेव्हा जिथे जाणे नाही, तिथे फेअर नाही. हॉटेलची खोली कुठेच जात नाही, म्हणून ‘रूम फेअर’ चुकले. पावागडावर माचीहून वर नेणारा रोपवे मात्र जातो, आणि म्हणून तुमच्या ‘रोपवे चार्ज’पेक्षा ‘रोपवे फेअर’ अधिक नेमके ठरले असते. इंग्रजीत फेअर या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, टॅक्सीत बसलेला प्रवासी. टॅक्सीवाला दुसऱ्याला सांगतो, की मला आत्ताच विमानतळापर्यंतचे एक फेअर मिळाले. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, तर एकदा स्टेशनबाहेरच्या रिक्षाथांब्यावर पाच मिनिटे उभ्या राहा. “तो कुठे गेला?” असे विचारले, तर उत्तर येते, “भाडं घेऊन गेलाय अलकापुरीला.” ते भाडे मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत बसलेले असते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता माणसाला भाडे करून टाकले आहे.

माल आणि माणूस यांच्यातला भेद इथे जुनाच आहे. डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची, म्हणजे नॅरोगेज, रेल्वे बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ साली सुरू झाली आणि सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढत. ओढणारे बैल असोत की इंजिन, डब्यात माणसे बसली तर इंग्रजीत फेअर आणि कापसाच्या गासड्या भरल्या तर फ्रेट. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे या फ्रेटला ‘नूर’ असा वेगळा शब्द आहे. बडोद्यात नव्याने आलेला मराठी माणूस ट्रान्स्पोर्टवाल्याच्या पावतीवर ‘नूर’ वाचून चमकतो, कारण आपल्याकडे नूर चेहऱ्यावर असतो, पावतीवर नसतो.

आता तुमची टॅक्सी. मीटरने किंवा ठरवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलात, तर टॅक्सी फेअर. गाडी चालकासकट दोन दिवस आपल्या दिमतीला ठेवली, तर तो प्रवासाचा मोबदला न राहता गाडी वापरण्याचा मोबदला होतो. तिथे ‘कार हायर विथ ड्रायव्हर’ असे लिहावे. तुमचे पाहुणे चांपानेर आणि केवडियाला दोन दिवस तीच गाडी घेऊन फिरणार असतील, तर हाच शब्द योग्य. ‘टॅक्सी रेंट’ वाचून पाहुणा असे समजेल, की गाडीची किल्ली त्याच्या हातात पडणार आहे आणि चालवायचे त्यानेच आहे.

फी हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे, की तो परका वाटतच नाही. तरी त्याची हद्द नेमकी आहे. ज्ञान, कौशल्य किंवा परवानगी यांच्याबद्दल दिले जाते, ती फी. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद आणि शिक्षक यांची फी. परीक्षेची, प्रवेशाची आणि परवान्याची फी. वस्तू हाती येत नाही, हे तिचे लक्षण. कुळ पाहिले तर गंमत आहे. जर्मन गोत्रातल्या ज्या शब्दांशी फीचे नाते लावले जाते, त्यांचा मूळ अर्थ गुरेढोरे असा; लॅटिनमध्येही पैशाचा शब्द गुरांच्या शब्दावरूनच घडला. गोधन आणि पशुधन हे शब्द वापरणाऱ्या आपल्या भाषेला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

गाइडला प्राइस लावलीत, तिथे साहेबांची लाल रेघ सर्वांत जाड असणार, अशी माझी अटकळ आहे. प्राइस लावली, की माणूस विक्रीला काढल्यासारखा दिसतो. गाइड आपले ज्ञान आणि वेळ देतो, म्हणून गाइड फी. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्याबाबत इंग्रजीत साधारणपणे चार्ज म्हणतात, फी म्हणत नाहीत. यात कामापेक्षा समाजातली उतरंडच अधिक दिसते आणि मला ती फारशी आवडत नाही, पण व्यवहारात चालते तेच सांगितले पाहिजे. वाद्यवृंद किंवा गायक यांची फीच. मात्र मराठीत आपल्याकडे ‘बिदागी’ हा किती सुंदर शब्द आहे पाहा. बडोद्याच्या दरबारात फैयाज खाँसारखे गवई पदरी होते. पदरी असणाऱ्याला मिळतो तो पगार, म्हणजे सॅलरी. बाहेरून येऊन एक मैफल गाऊन जाणाऱ्याला निरोप देताना हातावर ठेवतात, ती बिदागी, कारण शब्दातच निरोप आहे. इंग्रजीने निरोपाच्या शब्दात जाणे ठेवले, आपण मोबदल्याच्या शब्दात निरोप ठेवला. बिदागीचा अनुवाद करताना मी फी असे लिहितो, पण दर वेळी थोडे हरल्यासारखे वाटते. ज्या कामाला ठरावीक मोल लावणे संकोचाचे वाटते, अशा व्याख्यानाला किंवा परीक्षकाच्या कामाला आपण मानधन म्हणतो आणि त्याला इंग्रजीत ऑनररियम हा अगदी जुळता शब्द आहे.

फी आणि टॅक्स, म्हणजे शुल्क आणि कर, यांतला भेद न्यायालयांनीही बारकाईने तपासला आहे. १९५४ साली शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की कर हा सर्वांवरचा सामाईक भार असतो आणि त्याच्या बदल्यात भरणाऱ्याला काही विशिष्ट मिळालेच पाहिजे असे नाही, तर फीच्या मागे भरणाऱ्याला मिळणारी काही ठरावीक सेवा असते. पुढच्या निकालांत हे नाते थोडे सैल झाले, तरी शब्द निवडायला ही कसोटी अजून उत्तम आहे. घराचे खरेदीखत नोंदवायला जाल, तेव्हा एकाच खिडकीच्या आसपास दोन रकमा भरता. मुद्रांकाची ती ड्युटी, कारण ती सरकारच्या महसुलात जाते. नोंदणीची ती फी, कारण दस्त नोंदवून आणि जपून ठेवण्याच्या कामाबद्दल ती असते. ‘स्टॅम्प फी’ आणि ‘रजिस्ट्रेशन ड्युटी’ असे उलटे लिहिलेले मसुदे माझ्याकडे दर महिन्याला येतात. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याचे वर्णन इंग्रजीत ‘फ्री’ असे येते. मुलाच्या आई-वडिलांपुरता त्याचा अर्थ एवढाच, की फी नाही. शाळेचा खर्च, म्हणजे कॉस्ट, अर्थातच होता आणि तो राज्य सोसत होते. एकाच शाळेच्या बाबतीत फी शून्य आणि कॉस्ट भरपूर असू शकते, हे या दोन शब्दांतले अंतर समजून घ्यायला पुरेसे आहे.

चार्ज हा या सगळ्यांतला सर्वांत लवचीक आणि म्हणूनच सर्वांत आळशी शब्द. काही सुचले नाही, की आपण चार्ज लिहितो. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘गाडा’ या शब्दात आहे. गाड्यावर ओझे लादणे हा पहिला अर्थ, जहाजावरचा कार्गो हा त्याचा जवळचा नातेवाईक. लादणे हे सूत्र हातात धरले, तर चार्जचे सगळे अर्थ एका दोरीत येतात. तारेवर विजेचा भार लादला तर चार्ज, कारकुनावर खात्याचा कार्यभार लादला तर चार्ज, आरोपीवर आरोप ठेवला तर चार्ज, आणि ग्राहकाच्या बिलात रक्कम चढवली तर तोही चार्ज. मराठीतील ‘आरोप’ हा शब्द मुळात ‘वर ठेवणे’ याच अर्थाचा आहे, हे लक्षात घेतले तर दोन्ही भाषा एकच चित्र काढत आहेत असे दिसते. पैशाच्या अर्थाने मराठीत याला ‘आकार’ हा नेटका शब्द आहे. महाराष्ट्रातील वीज बिलावर ‘स्थिर आकार’ छापलेला असतो, तो इंग्रजीतला फिक्स्ड चार्ज. तेव्हा मूळ मोबदल्यावर जी जादा रक्कम बिलात चढते, तिच्यासाठी चार्ज राखून ठेवा. जादा गादीचा, रात्री उशिरा गाडी थांबवून ठेवल्याचा आणि आरक्षण रद्द केल्याचा चार्ज लिहा. मुख्य गोष्टीलाच चार्ज म्हटले, की पाहुण्याला वाटते, मूळ रक्कम अजून पुढेच आहे.

रेट या शब्दाच्या मागे नेहमी एक ‘प्रति’ दडलेला असतो. प्रति किलो, प्रति तास, प्रति शेकडा असे काही असेल तर रेट. आपला ‘दर’ अगदी याच रूपाचा आहे. दरमहा, दरसाल, दरडोई. म्हणून एका साडीचा रेट विचारणे इंग्रजीत चुकीचे आणि खंडेराव मार्केटमध्ये कांद्याचा रेट विचारणे बरोबर. हॉटेलच्या खोलीचे पैसे रात्रीमागे मोजतात, म्हणून रूम रेट. ‘रेट्स’ असे बहुवचन ब्रिटनमधल्या एखाद्या जुन्या कागदात आले, तर जरा थांबा, कारण तिथे त्याचा अर्थ घरपट्टी किंवा पाणीपट्टी असा असू शकतो.

टॅरिफ म्हणजे दरांची संपूर्ण यादी. हॉटेलच्या काउंटरवर टांगलेली असते ती, किंवा वीज कंपनीची, आणि हल्ली वर्तमानपत्रांत रोज येते ते आयातशुल्कही. हा शब्द अरबी ‘तअरीफ’ म्हणजे ‘माहिती करून देणे’ यावरून युरोपात गेला आणि त्याच अरबी शब्दाची दुसरी शाखा आपल्याकडे ‘तारीफ’ होऊन आली. हॉटेलवाल्याने आपल्या टॅरिफची तारीफ केली, तर तो एकच शब्द दोनदा वापरत असतो. टोल सोपा आहे. रस्ता किंवा पूल ओलांडू देण्याचे पैसे, आपला पथकर. अहमदाबाद-बडोदा द्रुतगती मार्गाच्या ९३ किलोमीटरसाठी तुमचा चालक जे भरेल, तो टोल. तो गाडीच्या भाड्यात धरला आहे की वेगळा घ्यायचा आहे, हे दरपत्रकात स्पष्ट लिहा, कारण परदेशी पाहुण्यांशी सर्वाधिक वाद याच एका ओळीवरून होतात.

पैसे न घेण्याचेही प्रकार आहेत. ‘विनामूल्य’ लिहावे, ‘मोफत’ सांगावे आणि ‘फुकट’ भांडताना म्हणावे, अशी आपल्याकडची साधारण वाटणी. इंग्रजीत फ्री सर्वत्र चालतो, कार्यालयीन पत्रात ‘फ्री ऑफ चार्ज’ बरा दिसतो आणि हॉटेलने सौजन्य म्हणून दिलेल्या न्याहारीला कॉम्प्लिमेंटरी म्हणतात. त्या शब्दाच्या मध्यावर ‘ई’ टाकली, तर ‘पूरक’ असा भलताच अर्थ होतो. तिथे ‘आय’ हवा. ‘कॉस्ट फ्री’ असे मात्र लिहू नका.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. हे सगळे शब्द लिहिताना लागतात. समोरासमोर बोलताना इंग्रजी भाषक माणूस ‘व्हॉट इज द प्राइस’ असे क्वचितच विचारतो. तो ‘हाऊ मच इज इट’ म्हणतो आणि मोकळा होतो, जसे आपण ‘कितीला दिलं?’ म्हणतो. तेव्हा पाहुण्यांशी फोनवर बोलताना या सहा शब्दांच्या काळजीने अडखळू नका.

आता तुमच्या सहा ओळी. खोलीसाठी ‘रूम रेट’ लिहा आणि पुढे ‘पर नाइट’ जोडा. गाडीसाठी ‘कार हायर विथ ड्रायव्हर’ लिहा; पाहुणे अमेरिकेतले असतील, तर ‘कार अँड ड्रायव्हर’ एवढेच पुरे, म्हणजे हायर-रेंटचा प्रश्नच उरत नाही. गाइडला ‘गाइड फी’. पावागडला ‘रोपवे फेअर’, आणि जाऊन-येऊन असेल तर ‘रिटर्न’ हा शब्द आधी. ज्याला तुम्ही ‘कॉस्ट’ लावली होती, त्या सयाजीबागेतल्या संग्रहालयासाठी ‘ॲडमिशन फी’ किंवा नुसते ‘एंट्री तिकीट’. आत शिरण्याची ती परवानगी आहे, त्यात प्रवासही नाही आणि खरेदीही नाही. खालची बेरीज मात्र ‘टोटल प्राइस’ अशी लिहा, ‘टोटल कॉस्ट’ अशी नको, कारण दरपत्रक तुम्ही विकणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहात. पाहुणा घरी जाऊन मित्राला सांगेल, तेव्हा तो त्याच आकड्याला कॉस्ट म्हणेल आणि त्याचेही बरोबर असेल.

सहावी ओळ ‘पंडित फी’. पाहुणे चांदोदला नर्मदेच्या घाटावर पूर्वजांसाठी विधी करणार आहेत असे धरून सांगतो. भटजींना दिले जाते ते विद्येबद्दलच असते, त्यामुळे फी हा शब्द व्याकरणाने चुकत नाही. पण साहेबांनी तिथे रेघ मारली ते मला पटते. ती रक्कम ठरलेली नसावी, देणाऱ्याने आपल्या इच्छेने द्यावी आणि देताना वाकून द्यावी, ही अपेक्षा फीमध्ये येत नाही, चार्जमध्ये तर मुळीच नाही आणि डोनेशनमध्ये अर्धीच येते. अशा वेळी मी इंग्रजी शब्द शोधत बसत नाही. रोमन लिपीत ‘दक्षिणा’ असेच लिहितो आणि खाली एका ओळीत तिचा अर्थ देतो. आकड्याच्या जागी तुम्ही एक रेघ सोडा. ती जागा पाहुण्यांनी स्वतः भरायची आहे.